टपालपेटीपर्यंत

सात नंबरचं तेल खाली यायलाच तयार नव्हतं.

गरम बाथमध्ये, म्हणजे तापत्या द्रवाच्या टाकीत, उभ्या केलेल्या काचेच्या नळीवर दोन खुणा असतात. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला तेल किती वेळ घेतं, एवढंच बघायचं असतं. त्यात फार मोठी हुशारी नाही. बाथ बरोबर शंभर अंशांवर आहे ना, नळी सरळ उभी आहे ना, आणि हातातलं घड्याळ नेमक्या क्षणी दाबलं ना, बस्स. सकाळपासून सहा नमुने झाले होते आणि सहाही तीन मिनिटं वीस सेकंदांच्या आगेमागे उतरले होते. चौदा महिने दहा टॅक्स्यांच्या गिअरबॉक्समध्ये राहून, प्रत्येकी ऐंशी हजार किलोमीटर दळून निघून, माझं तेल होतं तसंच राहिलं होतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. खरं तर मनातल्या मनात नाहीच, कारण बाटल्या धुणारे काका दोनदा वळून म्हणाले होते, "बाई, आज गाणं म्हणताय." सातव्याला तीन वीस झाले, तीन तीस झाले, चार मिनिटं झाली, तेल खालच्या खुणेच्या बोटभर वरच रेंगाळत होतं, आणि माझा अंगठा घड्याळावर दुखायला लागला. चार मिनिटं एकवीस सेकंद. मी घड्याळ दाबलं आणि ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

तेल वापरून थोडं पातळ होतं, दाट होत नाही. जळलं तर दाट होतं, पण जळलेलं तेल काळं पडतं, त्याला करपट वास येतो. हे तर मधासारखं स्वच्छ होतं. मी सात नंबरच्या बाटलीचं झाकण काढलं आणि नाकाशी धरलं, आणि तिथेच सगळं कळलं. माझ्या तेलाला जवळजवळ वास नाही. जुन्या दाट गिअर ऑइलला मात्र गंधकाचा उग्र, सडक्या अंड्यासारखा वास असतो. नाकाला सवय नसली तर माणूस मागे सरकतो. मला तो वास आला की संध्याकाळचे साडेसहा वाजतात, दाराशी चपला काढल्याचा आवाज येतो, आई "आधी तो शर्ट उतरवा" म्हणते आणि मी अभ्यासाची वही मिटून धावत जाते. बाबांच्या शर्टाचा वास होता तो. चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडून मिटणाऱ्या माणसाच्या शर्टाचा. आणि दहाही टॅक्स्यांमध्ये तेल भरलं गेलं होतं ते बाबांच्याच गॅरेजमध्ये, त्यांच्याच हातांनी.

गॅरेज आता माझ्या धाकट्या भावाचं आहे, पण रस्त्यावरचं कुणीही ते मिस्त्रींचं गॅरेज म्हणूनच सांगतं. शहात्तर वर्षांचे बाबा रोज सकाळी नऊला तिथे जाऊन स्टुलावर बसतात आणि येणाऱ्या गाडीचं दुखणं ती वळणावर असतानाच सांगतात. चाचणी ठरली तेव्हा टॅक्सीवाल्यांनी एकच अट घातली होती, गाडीला हात लागेल तर मिस्त्रींचा. मी साहेबांना लिहून दिलं होतं की ते माझे वडील आहेत. साहेब म्हणाले होते, "मग तर उत्तमच. विश्वासाचा माणूस." ते दोन शब्द आता नळीजवळ उभी असताना मला आठवले आणि कानशिलं तापली.

मी काय करते ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कशाचा होता ते कळेल. मी पातळ तेल करते. गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं तेलात बुडून फिरत असतात, आणि तेल दाट असलं तर त्यांना ते सतत घुसळावं लागतं. चिखलातून चालताना पाय जसा ओढून काढावा लागतो तसं. गाडी जे पेट्रोल पिते त्यातलं थोडं या घुसळण्यातच जातं, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. तेल पातळ केलं तर ते वाचतं. पण दाट तेलाची जाड साय दोन दातांच्या मधे राहून त्यांना एकमेकांवर घासू देत नाही. पातळ तेलाची साय फाटते आणि लोखंड लोखंडाला भिडतं. म्हणून पातळ तेलात असं काही घालावं लागतं की दाबाखाली आणि उष्णतेत ते लोखंडाशीच संग करेल आणि दातावर एक कातडी धरेल, केसाच्या हजाराव्या भागाएवढी. ती कातडी मी नऊ वर्षं शोधत होते. पहिल्यांदा मी चाचणीचा गिअरबॉक्स उघडला तेव्हा दातांवर देवीच्या वणांसारखे खड्डे होते आणि सगळा विभाग येऊन बघून गेला. तेव्हापासून मला मागे "पाणीवाली" म्हणतात. पाणीवालीने आज काय ओतलं? पाणीवाली आली का? मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बाथ लावायचे. मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. नऊ वर्षांत त्रेसष्ट मिश्रणं टाकून दिली आणि चौसष्टावं टिकलं. ज्याने असं काही केलेलं नाही त्याने मला नम्रता शिकवू नये.

या सगळ्यातून गाडी एका लिटरमागे पावणेतीनशे मीटर जास्त जाते. गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून पहिल्यांदा हा आकडा हाती आला त्या दिवशी मी तडक आईबाबांकडे गेले होते. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावणेतीनशे मीटर म्हणजे किती गं?" मी म्हटलं, "आपल्या फाटकापासून टपालपेटीपर्यंत." आई म्हणाली, "अगंबाई, आठ वर्षं घातलीस आणि टपालपेटीपर्यंतच पोचलीस? मी पायी जाऊन परत येते तेवढ्यात!" मी तिला समजावत बसले की ही एक गाडी झाली, सगळ्या गाड्या धर, सगळी वर्षं धर. ती हसत भाजी निवडत राहिली. बाबा हसले नाहीत. त्यांनी मी आणलेल्या बाटलीतला एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीने चोळला आणि दोन्ही बोटं हळूच वेगळी केली. चाळीस वर्षं ते तेल असंच तपासत आले आहेत. बोटं दूर होताना मधे तार धरली पाहिजे. तार धरली नाही. "बोटाला धरत नाही हे," ते म्हणाले. "डोक्याला लावायचं तेल बरं यापेक्षा." आणि त्यांनी बोटं फडक्याला पुसली. ती बोटं पुसण्याची रीत मी विसरले नाही. आलेला पाहुणा आवडला नाही की बाबा जसे चष्मा पुसत बसतात, तसं.

आणि तरी या धंद्यात मला त्यांनीच आणलं. शिकवायला बसले होते म्हणून नव्हे. त्यांची जुनी गाडी आहे, धाकट्याच्याही आधी घरात आलेली. तिला ते स्वतःखेरीज कुणाचा पाना लागू देत नाहीत. त्या गाडीचा दुसरा गिअर सकाळी पडत नसे. मी चालवायला शिकले तेव्हा बाबा शेजारी बसून सांगायचे, "क्लच दाब. गिअर दुसऱ्याच्या तोंडाशी धर. जोर लावायचा नाही. मनात पाच मोज, मग आपोआप जाईल." मी मोजायचे आणि पाचाला गिअर आत जायचा. पण दुपारी गाडी तापलेली असली की दोनालाच जायचा. मी विचारलं, "बाबा, सकाळी पाच आणि दुपारी दोन असं का?" ते म्हणाले, "सकाळी तेल झोपेत असतं." हे उत्तर मला पुरलं नाही. मी वहीच्या मागच्या पानावर महिनाभर लिहून ठेवलं, हवा गार की गरम, आणि किती मोजले. पुढे कॉलेजात तापमान आणि दाटपणाचा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही. तो माझ्या वहीच्या मागच्या पानावर होताच.

"बाई, लिहू का बाटलीवर?" काका लेबल घेऊन उभे होते. मी म्हटलं, "थांबा, परत लावते." नळी धुतली, वाळवली, पुन्हा भरली. दुसऱ्या वेळी मी घड्याळाकडे पाहत नव्हते. तेल भरायचा दिवस पाहत होते. गाड्या ओळीने लागलेल्या, बाबा गाडीखालच्या खड्ड्यात उतरलेले, वर बघून हात पुढे करणारे, आणि मी मापाचं भांडं त्यांच्या हातात देणारी. एकेक गाडी भरून झाली की ते बोल्ट आवळत, त्यावर लाल रंगाचा ठिपका देत, म्हणजे मधे कुणी उघडलं तर कळावं. सहा झाल्यावर ते खालून म्हणाले, "जा, आईने वाढलंय, गार होईल. उरलेल्या मी भरतो." मला इतकं बरं वाटलं होतं! आठ वर्षांत त्यांनी माझ्या तेलाला पहिल्यांदा आपणहून हात लावला, असं मी जेवताना आईला सांगितलंसुद्धा. परत आले तेव्हा दहाही बोल्टांवर लाल ठिपके होते आणि बाबा साबणाने हात धूत होते. चार मिनिटं एकवीस सेकंद. दुसऱ्यांदाही तेवढेच.

आमच्याकडे आकडा आला की तो लगेच शाईने रजिस्टरमध्ये चढवायचा असतो. खोडायचा नाही, मागाहून लिहायचा नाही. हा नियम बारा वर्षांपूर्वी मीच आणला आणि त्यावरून लोकांनी मला पुरेशी नावं ठेवली आहेत. मी पेन उघडलं आणि सात नंबरच्या रकान्यापाशी थांबले. तीन वाजता बैठक होती. मोठे साहेब, गाड्यांच्या कारखान्याचे दोघे, आणि टेबलावर दहाही गिअरबॉक्समधली चाकं. तेल मंजूर झालं तर पुढच्या वर्षी नव्या गाड्यांमध्ये तेच भरलं जाणार होतं. नाहीतर चौसष्ट नंबरची बाटली त्रेसष्टाच्या शेजारी फळीवर जाणार होती. कालच सगळी चाकं मी भिंगाखाली पाहिली होती, एकाही दातावर खड्डा नव्हता. सात नंबर रोलरवर बाकीच्यांइतकी धावली नव्हती, निम्मासुद्धा फायदा दाखवला नव्हता. पण तिचा क्लच घसरतोय म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. तसंच ठेवता आलं असतं. "सात नंबर, क्लच खराब, गणतीतून वगळली," एवढी ओळ पुरे होती. नळीवर मी कुणाला हात लावू देत नाही, तेव्हा चार एकवीस हा आकडा जगात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं. ते हळूच म्हणाले, "नमुना सांडला असं पण होतं कधी कधी, बाई. बाटली निसटते हातातून." त्यांना सेवानिवृत्तीला चार महिने होते आणि बारा वर्षांत त्यांच्या हातातून एकही बाटली निसटली नव्हती.

मला बाबांचा राग आला होता, पण तो राग म्हणजे काय हे मला तिथे उभी असताना कळत नव्हतं. तेल बिघडवलं म्हणून होता का? तेल तर बिघडलं नव्हतं. नऊ वर्षं मी लोकांच्या शंका झेलल्या. साहेबांच्या झेलल्या, कारखान्याच्या झेलल्या, पाणीवाली म्हणून झेलल्या. त्या सगळ्यांना मी आकड्यांनी उत्तर देऊ शकत होते. बाबांच्या दोन बोटांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बावन्न वर्षांची आहे. माझे केस पिकले, माझी मुलगी नोकरीला लागली, आणि अजून माझ्या मनात एक मुलगी वहीचं मागचं पान घेऊन बाबांच्या दाराशी उभी आहे. हे कबूल करायलाही मला लाज वाटते. एका क्षणी मला वाटलं, लपवावं, त्यांच्यासाठी म्हणून लपवावं, या वयात त्यांचं नाव खराब कशाला. मग मला कळलं की हा लबाडीचा चांगुलपणा आहे. बाबांनी आयुष्यात कधी खराब गिअर चांगला म्हणून परत बसवला नाही. गिऱ्हाईक भांडलं तरी फुटका दात त्याच्या तळहातावर ठेवला. त्यांच्या नावासाठी मी खोटा आकडा लिहिला तर ते नावच काय राहिलं? मी लिहिलं. सात नंबर, चार मिनिटं एकवीस सेकंद. शाई वाळेपर्यंत काका तिथेच उभे राहिले, मग लेबल लावून निघून गेले. उरलेले तीन नमुने मी यंत्रासारखे केले. तीन एकोणीस, तीन वीस, तीन वीस.

बैठकीत मी उभी राहून सांगितलं. दहापैकी नऊ गाड्यांचं तेल जसंच्या तसं आहे, सात नंबरमध्ये जुनं दाट तेल मिसळलेलं आहे, ते भरणाऱ्या मिस्त्रींनीच मिसळलं असणार, आणि ते मिस्त्री माझे वडील. कारखान्यातला एकजण हातातलं चाक फिरवत होता, तो थांबला. साहेबांनी विचारलं, "पण का?" मी म्हटलं, "माझ्या तेलावर त्यांचा विश्वास नाही म्हणून." हे बोलताना माझा आवाज फुटला, आणि फुटला तर फुटला. मग मी सात नंबरची चाकं आणि तीन नंबरची चाकं शेजारी शेजारी मांडली. म्हटलं, बघा, कुठली दाट तेलातली आणि कुठली पातळ तेलातली ते सांगा. त्यांनी भिंग फिरवलं, एकाने नख फिरवलं. कुणालाच सांगता आलं नाही. साहेबांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "नऊ गाड्या मला पुरेशा आहेत. पण सात नंबर कागदात राहणार, आणि का बिघडली तेही राहणार. मिस्त्रींकडून लिहून आणा. कुठलं तेल, किती, आणि बाकी नऊमध्ये काही घातलं नाही. त्यांच्या सहीने. ते नसेल तर मला दहाही गाड्यांवर भरवसा ठेवता येणार नाही." म्हणजे नऊ वर्षांचा सगळा मामला आता ज्या माणसाने कधी कुणाची माफी मागितलेली मला आठवत नाही त्याच्या सहीवर येऊन टेकला होता.

मी गॅरेजमध्ये पोचले तेव्हा ऊन उतरत आलं होतं. धाकटा म्हणाला, "ताई, आज इकडे कशी?" आणि माझा चेहरा बघून एका गाडीची चावी उचलून "जरा फिरवून बघतो" म्हणत निघून गेला. लहानपणापासून भांडणाचा वास आला की तो असाच नाहीसा होतो. बाबा स्टुलावर होते. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"कळलं वाटतं."

"कळलं."

"किती आले?"

"चार एकवीस."

"आणि बाकीच्यांना?"

"तीन वीस."

"म्हणजे मिनिटभराचा फरक," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याने मी आणखीच भडकले, कारण ते समाधान होतं. "मी आईला म्हणत होतो, पकडेल की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, पकडेल."

"आईला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुलाच सांगायचं राहिलं होतं."

"बाबा, ही गंमत नाहीये! माझी नऊ वर्षं आहेत त्यात. मी साहेबांसमोर सगळ्यांच्या देखत सांगितलं, माझ्याच बापाचा माझ्यावर विश्वास नाही म्हणून."

ते स्टुलावरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, थोडे थोडे करत उठतात आता. "असं सांगितलंस?" ते म्हणाले. "चुकीचं सांगितलंस. चौदा महिने दहाच्या दहा गाड्या माझ्या हाताखाली होत्या. लाल रंगाचा डबा माझ्याच फळीवर होता. विश्वास नसता तर दहांतही घातलं असतं, कोण बघत होतं? नऊ तू म्हणालीस तशा ठेवल्या. एक माझ्या मनासारखी केली. सगळ्यांतच घातलं असतं तर मला कळलं कसं असतं, कोण बरोबर ते?"

मी हातातला कागद खाली केला. कारण चाचणीच्या आधी समितीतल्या एकाने हेच सुचवलं होतं, की तुलनेला एक गाडी जुन्या तेलाची असू द्या. मी त्याला झटकून टाकलं होतं. रोलरवर जुन्या तेलाचे आकडे आहेत, एक गाडी वाया कशाला घालवायची, असं म्हणाले होते, आणि ज्या सुरात म्हणाले होते तो सूर मला आता लख्ख आठवला. मला दहाही गाड्या माझ्याच तेलाच्या हव्या होत्या. इतकं साधं होतं ते. मोठ्या हुशार बाईने जे करायला हवं होतं आणि तोऱ्यात केलं नव्हतं, ते एका चौथी शिकलेल्या मिस्त्रीने खड्ड्यात उभं राहून, मला जेवायला पाठवून, केलं होतं.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर दिली असतीस एक गाडी?"

"नसती दिली."

"मग?"

त्यांनी भिंतीवरचा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक चालू गिअरबॉक्सवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं बेअरिंग बोलतं, दात बोलतात. हे ते मला मी सहा वर्षांची असताना दाखवत असत. "दर महिन्याला गाड्या यायच्या, दर महिन्याला दहाही ऐकायचो," ते म्हणाले. "म्हटलं आज नऊ रडतील, उद्या नऊ रडतील. सातवी तेवढी शांत राहील. सहा महिने गेले, आठ गेले. कुणी रडेना. उलट सातवीवरचा टॅक्सीवालाच कुरकुरायला लागला, मिस्त्री, माझीच गाडी बाकीच्यांपेक्षा जास्त का पिते म्हणून." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर परत भिंतीला लावला. "तेव्हाच कळलं मला, मी हरलो म्हणून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"परीक्षा चालू असताना मधे बोलतात होय?"

त्यांनी कागद घेतला, बॉनेटवर पसरला आणि चष्मा पुसायला लागले. मला वाटलं, झालं, आवडलं नाही. पण ते चष्माच पुसत होते, दुसरं काही नाही. मी लिहून आणलेलं त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, "अर्धा लिटर चूक आहे. सहाशे मिली होतं. मापून घातलंय, मी काय अंदाजाने घालतो का?" मी दुरुस्त केलं. त्यांनी सही केली, नेहमीची, वळणदार, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. मग पेन परत न देता खाली आणखी एक ओळ लिहिली, आणि ती लिहिताना त्यांची जीभ दातांत आली होती. "सात नंबरमध्ये तेल मी माझ्या मनाने घातलं. त्याची गरज नव्हती असं माझ्या अनुभवाने ठरलं." मी ती ओळ तीनदा वाचली. नऊ वर्षांत माझ्या तेलाबद्दल कागदावर आलेल्या सगळ्या ओळींत तिच्या तोडीची एकही नाही. मी डोळे पुसले तर म्हणाले, "ग्रीसचे हात लावू नकोस डोळ्यांना." माझ्या हाताला ग्रीस नव्हतं, त्यांच्या होतं.

"चल, घरी सोड मला," ते म्हणाले, "गुडघा धरलाय आज," आणि त्यांनी खिशातून त्यांच्या गाडीची चावी काढून माझ्यापुढे धरली. ती चावी त्यांनी मला तीस वर्षांत दिली नव्हती. धाकट्याला तर कधीच नाही. गाडी सकाळपासून मागच्या भिंतीच्या सावलीत उभी होती, बॉनेटला हात लावला तर गार. आत बसल्यावर तोच वास असेल असं वाटलं होतं, पण तो फारच पुसट होता. मला वाटलं, वयाबरोबर माझंच नाक मंद झालं असेल. गाडी चालू केली, पहिला टाकला, गॅरेजच्या फाटकातून बाहेर काढली. दुसऱ्याची वेळ आली तशी मी क्लच दाबला, गिअर दुसऱ्याच्या तोंडाशी धरला, जोर लावला नाही, आणि सवयीने मनात मोजायला लागले. एक.

गिअर आत गेला होता.

मी पुन्हा न्यूट्रलला आणला, खात्री करायला. पुन्हा दुसरा टाकला. लोण्यात बोट जावं तसा गेला, एकसुद्धा मोजायची गरज पडली नाही. मी बाबांकडे वळून पाहिलं. ते खिडकीतून बाहेर, रस्त्याकडेच्या दुकानांकडे मोठ्या लक्षपूर्वक पाहत होते.

"कधी घातलंत?"

"झाले सहा महिने. तुझ्या डब्यात उरलं होतं थोडं, वाया जाणार होतं."

"आणि बोटाला धरत नाही ते?"

"बोट काय, म्हातारं झालंय," ते म्हणाले. "पुढे बघ. समोर गाडी आहे."

मी पुढे पाहिलं. तिसरा टाकला, चौथा टाकला, काही कारण नसताना परत तिसऱ्यावर आले आणि पुन्हा चौथा टाकला. एरवी गिअरशी खेळलेलं बाबांना खपत नाही, आज त्यांनी खेळू दिलं. आमची गल्ली आली. घराचं फाटक आलं, आई फाटकाशी उभी होती, तिने हात वर केला. मी तिला हात केला आणि गाडी तशीच पुढे नेली.

"अगं, घर मागं राहिलं," बाबा म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि टपालपेटीपर्यंत गेले.